आयुधपूजेची आदली संध्याकाळ

बंगळूरमधलं आमचं घर चिकपेटेत आहे. केंपेगौडांनी १५३७ साली हे शहर वसवलं, तेव्हाच्या जुन्या पेठांपैकी ही एक. चिक्क म्हणजे लहान, म्हणून ही धाकटी पेठ. गल्ल्या इतक्या अरुंद की साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेतलेला हमाल समोरून आला, तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आलं आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झालं. तेव्हापासून इथे मराठी माणसं येत राहिली. आमचं घराणं नेमकं कधी आलं हे घरात कुणालाच ठाऊक नाही. पण घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, ही रीत पणजोबांपासूनची आहे. बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत गच्चीच्या जाळीला गंज चढलेला दिसला. गंज घासून वेल्डिंग करून घेतलं आणि चॉकलेटी एनॅमल रंग आणला. बाबा म्हणाले, "ब्रशने दे. वेळ लागला तरी चालेल." पण शाळेत ज्याच्या बुटांची इन्स्पेक्शनला तारीफ होते, त्याला असा सल्ला पटत नाही. मी ओळखीच्या फर्निचरवाल्या काकांकडून स्प्रे गन आणि छोटा कॉम्प्रेसर मागून आणला. खाली वर्तमानपत्रं पसरली, तोंडाला रुमाल बांधला आणि तासाभरात काम फत्ते केलं. जाळी आरशासारखी चमकत होती.

वाऱ्याकडे मात्र माझं लक्ष नव्हतं. स्प्रे गन रंगाचे बारीक बारीक थेंब करते. सगळेच थेंब जाळीवर बसत नाहीत. उरलेले धुक्यासारखे तरंगत जातात आणि जिथे टेकतील तिथे चिकटतात. आमच्या गच्चीखालच्या मोकळ्या जागेत समोरच्या निवृत्त मास्तरांची पांढरी गाडी उभी असते. अख्खी गल्ली त्यांना 'मेष्ट्रू' म्हणते.

संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा गाडी पाहून काहीच वाटलं नाही. सहज बॉनेटवर हात टेकवला आणि दचकलो. काचकागदावरून हात फिरवावा तशी खरखर लागली. वाकून पाहिलं, तर पांढऱ्या रंगावर सुईच्या टोकाएवढे हजारो चॉकलेटी ठिपके. छतावर, काचेवर, डाव्या दारावर, सगळीकडे.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. कर्नाटकात महानवमीला घरातली हत्यारं, यंत्रं आणि वाहनं पुजतात. सकाळी मेष्ट्रू गाडी धुणार आणि त्यांच्या हाताला ती खरखर लागणार, हे ठरलेलं होतं. पण रंग कुणी उडवला हे त्यांना कसं कळणार? चिकपेटेत रोज कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं. खरं सांगतो, मी पाचेक मिनिटं तिथेच हा विचार करत उभा होतो.

मग दुकानात जाऊन बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. कात्री खाली ठेवून म्हणाले, "कापड चुकीचं कापलं गेलं, तर गिऱ्हाइकाला कळायच्या आत आपण सांगायचं. तुझ्या आजोबांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. जा."

मेष्ट्रूंच्या दारात जीभ टाळ्याला चिकटली. कशीबशी कन्नडमधून चूक सांगितली. ते खाली आले, त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी पूजा आहे. आत्ता सहा वाजलेत."

माझ्या हातात थिनरची बाटली होती. बरं झालं, आधी बाबांबरोबर जे. सी. रोडवर गेलो. सुट्या भागांच्या त्या बाजारातल्या एका दुकानदाराने बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. पण गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला भाग तेवढा पक्का नसतो. थिनरने तो मऊ पडतो आणि प्लॅस्टिकही खराब होतं. मेष्ट्रूंचं बॉनेट पूर्वी एकदा रंगवलेलं होतं! दुकानदाराने मला क्ले बार दिला. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ माती असते. ती रंगावर चिकटलेले कण उचलून घेते.

आधी गाडी भरपूर पाण्याने धुतली. मग शाम्पूचं पाणी शिंपडून मातीची चपटी वडी बॉनेटवर घासायला लागलो आणि पुन्हा चुकलो. बूट घासायच्या सवयीने जोर लावला. माती जागीच अडकली आणि तिचा डाग उमटला. मेष्ट्रू खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "हळू. गाडीला शिक्षा नको."

गाडीच्या वरच्या पारदर्शक थराची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. तिथे जोर कामाचा नाही. दोन फूट जागा घ्यायची, ओली ठेवायची, वडी सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवायची. आधी ती खरखरते, मग आवाज बंद होतो. वडी चॉकलेटी झाली की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायची. जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकून द्यायचा, कारण वाळूचा एक कणही ओरखडा काढतो. माझा एक तुकडा असाच गेला. तपासायला पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवायचा. उघड्या हाताला न लागलेली खरखरही कळते.

तासाभराचा रंग काढायला साडेचार तास लागले. बाबांनी दुकान बंद करून विजेरी धरली. शेवटी मेण लावलं, तेव्हा साडेअकरा झाले होते.

सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. कुंकू भरलेला कोहळा फोडायला मेष्ट्रूंनी मला बोलावलं. फोडून झाल्यावर त्यांनी डाव्या खिडकीच्या काळ्या रबरावर बोट ठेवलं. तिथे तीन चॉकलेटी ठिपके राहिले होते. मी फडकं आणायला वळलो, तर ते म्हणाले, "राहू दे. आठवण म्हणून."

आता सुट्टीत घरी गेलो की आधी ते ठिपके पाहतो. जाळीचा खालचा भाग अजून रंगवायचा राहिला आहे. तो ब्रशने रंगवणार आहे.