झाकण नीट लागलंय का?

पावसाळ्यात शहाडकरांचे देव दोन. एक बिर्ला मंदिरातला विठ्ठल आणि दुसरा, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर! २०२५ची आषाढी एकादशी नेमकी रविवारी, ६ जुलैला आली. पहिल्या देवाकडे गर्दी, आणि आमच्या घरी दुसरा देव कोपलेला. टायमर फिरवला, टिकटिक सुरू. पण ड्रम ढिम्म. बादलीत आठवड्याचे फॉर्मल्स, सोमवारी क्लायंट मीटिंग. फुल टेन्शन!

आपला फंडा ठरलेला : प्रॉब्लेम आला की फोन लावायचा. एका मेकॅनिकने मशीन न बघताच निकाल दिला, ‘‘मोटर गेली.’’ दुसरा संध्याकाळी आला. झाकण दाबून धरलं, तर ड्रमने एक गिरकी घेतली आणि पुन्हा थांबला. ‘‘मॅडम, झाकणाखालचा स्विच गेलाय. डायरेक्ट करून देतो, दोन मिनिटांचं काम.’’ मी खूश. पर्स उघडलीच होती, तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. ‘‘डायरेक्ट करायचं नाही.’’

बाबा रिटायर्ड फिटर. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. लहानपणी विचारलं की म्हणायचे, ‘मांजराने नेली.’ मोठी झाल्यावर मी विचारायचंच सोडून दिलं होतं.

मेकॅनिक गेल्यावर त्यांनी मला मशीनजवळ बसवलं. झाकण बंद झालं की दोन गोष्टी होतात : मोटरला वीज मिळते आणि तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. उघडलं की उलटं. डायरेक्ट केलं म्हणजे झाकण उघडलं तरी मोटरची वीज चालूच. ड्रम मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो. ओल्या ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं गेलं, तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. ‘‘आमच्या मशीनलाही गार्ड होता,’’ ते म्हणाले. ‘‘काम पटपट उरकावं म्हणून काढून ठेवला होता. मीच.’’

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला मांजराची गोष्ट कळली.

तुमचाही ड्रायर रुसला तर बाबांचा क्रम लक्षात ठेवा. वॉशची बाजू चालतेय? म्हणजे प्लगपर्यंत वीज ठीक. झाकण नीट बसलंय का ते बघा. मग प्लग काढून ड्रमभोवती काही अडकलंय का ते बघा. कदाचित तुमचा हरवलेला मोजा ड्रमखाली सापडेल. काहीच अडकलेलं नाही, पण चालू केल्यावर नुसता ‘हूं’ असा आवाज येतो? मग संशय कपॅसिटरवर. त्याला मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. तिथे मेकॅनिकच हवा.

सोमवारी मी दमट शर्टावर इस्त्री फिरवून लोकल पकडली. संध्याकाळी त्याच मेकॅनिकने नवा स्विच बसवला.

पुढच्या शनिवारी दादाची चार वर्षांची चिऊ आली. ड्रायर गरगरत होता आणि मी फोनवर. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि झाकण उघडलं. मी ओरडेपर्यंत ब्रेक लागला, ड्रम थांबला. चिऊने वाकून आत बघितलं, ‘‘बंद पडलं?’’

बाबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघून एवढंच म्हटलं, ‘‘मांजर उपाशी गेलं.’’