एका वर्षानें वडील

गेल्या पावसाळ्यांत अमरावतीस समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गापुढें चार शब्द बोलण्याचा योग आम्हांस आला. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पहिल्या वर्षांतील एकाचा हात धरावा, त्याच्या अडचणी ऐकाव्या व आपणांस ठाऊक असेल तेवढी वाट त्यास दाखवावी, अशी योजना तेथें सुरू व्हावयाची होती. आम्हीं योजनेची स्तुति केली, श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या, आणि आतां उठावें अशा बेतांत असतांना मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, तुम्ही दुसऱ्या वर्षाला होता तेव्हां तुमच्याकडे कोण होतें?" आम्हीं कांहीं तरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरें उत्तर त्या दिवशीं तोंडांतून निघालें नाहीं. तें आज येथें लिहीत आहों.

समाजकार्य हें शाळेंत जाऊन शिकावयाचें काम आहे, ही कल्पना आमच्या वऱ्हाडांत आजहि पुष्कळांस थोडीशी चमत्कारिक वाटते, आणि तसें वाटण्यास कारणहि आहे. शेंडगांवीं जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) कोणत्या महाविद्यालयांत गेले होते? अमरावतीस तपोवन उभारून कुष्ठरोग्यांस माणसांत आणणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांजपाशीं समाजकार्याची पदवी कोठें होती? तथापि थोर पुरुष पाहिजे तेव्हां जन्मास येत नाहींत, आणि दुःख मात्र रोजच्या रोज जन्मास येतें; म्हणून साधारण माणसांस हें काम शिकवावें लागतें. मुंबईस नागपाड्याच्या वस्तींत १९२६ पासून काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या हातून १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवें आपल्या देशांतील अशी पहिली शाळा निघाली. १९४४ सालीं तिला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. तोच प्रवाह पुढें वाहत वाहत विदर्भांतहि आला.

या शिक्षणाची रीत अशी कीं, विद्यार्थ्यानें आठवड्यांतील कांहीं दिवस वर्गांत बसावें आणि कांहीं दिवस एखाद्या खेड्यांत, वस्तींत किंवा रुग्णालयांत काढावे. याला क्षेत्रकार्य म्हणतात. तेथें काय पाहिलें, काय ऐकलें, आपण काय केलें, याचा अहवाल त्यानें लिहावयाचा असतो. शिक्षक तो वाचतात, त्यावर बोलतात आणि वर्षाअखेर गुण देतात. रीत चांगली आहे. परंतु तींत एक अडचण आहे. परक्याच्या उंबऱ्यावर प्रथम उभें राहतांना नवशिक्याची छाती धडधडते. आपणांस येथें कांहीं करतां येणार नाहीं, अशी त्याची खात्री झालेली असते. ही भीति तो गुण देणाऱ्या माणसापाशीं बोलेल काय? ज्याच्या हातीं गुण नाहींत, आणि जो स्वतः मागच्याच वर्षीं त्या उंबऱ्यावर थरथरला होता, त्याच्याचपाशीं ती बोलतां येते. एका वर्षानें वडील असलेल्या विद्यार्थ्याची थोरवी एवढीच आहे. त्याला शिक्षकापेक्षां फार थोडें कळत असतें, परंतु आपली चूक त्याच्या स्मरणांत ताजी असते.

मोठ्यानें धाकट्यास शिकवावें, ही चाल आपल्या देशांत नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या शेवटीं मद्रासेस अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल या गृहस्थांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं, व ती युक्ति आपल्या शाळेंत आणतांना शिकलेल्या मुलांकडूनच इतरांस शिकविण्याचा प्रयोग केला. १७९७ सालीं त्यांनीं त्याचा वृत्तांत विलायतेंत छापिला, आणि तेथें ती रीत मद्रास पद्धति म्हणून नांवाजली. परंतु बेलसाहेबांचीं मुलें धाकट्यांस अक्षरें देत होतीं. आम्ही ज्या मार्गदर्शनाविषयीं बोलत आहों त्यांत द्यावयाचें फारसें नसतें. घ्यावयाचें असतें, आणि तें म्हणजे ऐकून घ्यावयाचें. गाडगेबाबाहि कीर्तनांत प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्या माणसाच्या तोंडून काढून घेत, हें वऱ्हाडांतील वडीलधाऱ्या मंडळींकडून आपण ऐकलेलें आहे.

असो. आमचें पहिलें वर्ष २००६ सालीं सुरू झालें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें आमचा प्रांत त्या वेळीं देशभर चर्चेचा विषय झाला होता. त्याच वर्षाच्या जुलैमध्यें पंतप्रधानांनीं अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास राज्य सरकार एक लाख रुपये देई; परंतु त्यापूर्वीं जिल्ह्याची समिति त्या मरणाची चौकशी करून तें 'पात्र' कीं 'अपात्र' तें ठरवी. मरणासहि पात्रता लागते, हें आम्हांस त्या वर्षीं प्रथम कळलें.

आम्ही अकोल्याचे राहणारे. रोज पहांटे पॅसेंजर गाडीनें बडनेरा गांठावें आणि तेथून अमरावतीस जावें, असा आमचा क्रम होता. अकोला ते बडनेरा हें अंतर सुमारें ऐंशी किलोमीटर. त्या वाटेवर मूर्तिजापुरास दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी गाडींत चढे. आम्ही त्यास भाऊ म्हणत असूं. आमचें क्षेत्रकार्य त्याच्याच तालुक्यांतील एका खेड्यांत होतें. तेथें एका विधवा बाईस भेटून आम्हीं चोवीस प्रश्नांची यादी विचारिली आणि अकरा पानांचा अहवाल लिहिला. परततांना तो मोठ्या अभिमानानें भाऊंस वाचावयास दिला. कुरूम स्टेशन येईपर्यंत त्यांनीं तो वाचून संपविला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "लेका, ह्या कागदावर सारं तूच बोलून राहिला. थे माय काहून बोलून नाही राहिली?"

आम्हांस राग आला. परंतु पुढच्या खेपेस भाऊ आपण होऊन आमच्याबरोबर आले. बाई अंगणांत वेंचलेल्या कापसांतील कचरा काढीत बसली होती. आम्हीं वही उघडली. भाऊंनीं ती मिटविली, बाईसमोर मांडी घातली आणि एक शब्दहि न बोलतां तिच्याबरोबर कचरा काढावयास लागले. आम्हांसहि बसावें लागलें. अर्धा तास असाच गेला असेल. मग बाई कोणाकडे न पाहतां बोलूं लागली. तिच्या नवऱ्यानें बियाण्याकरितां परवाना नसलेल्या एका सावकाराकडून पैसे उचलले होते. बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें कर्ज सरकार मोजी. हें मोजलें गेलें नाहीं, म्हणून प्रकरण अपात्र ठरलें. "कागद नव्हता, पैसे तं होते ना बाप्पा!" ती म्हणाली. त्या दिवशींचा आमचा अहवाल दीड पानाचा झाला, आणि शिक्षकांनीं त्याखालीं लिहिलें, 'आज ती बाई भेटली.'

त्या घरास एक लाख रुपये मिळाले नाहींत. भाऊंच्या सांगण्यावरून आम्हीं संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला, तहसिलींत चार खेपा घातल्या आणि बाईस महिन्याचें लहानसें अनुदान सुरू झालें. भाऊंनीं कधीं उपदेश केला नाहीं. आम्ही चुकलों म्हणजे ते स्वतःची त्याहून मोठी चूक सांगत व हंसत.

दुसऱ्या वर्षीं आमच्याकडे धारणीचा एक मुलगा आला. त्याच्या घरीं कोरकू बोलत. ही भाषा मराठीची मुळींच नातलग नव्हे. तिचें गोत संथाळी, मुंडारी यांजकडचें. मराठी त्यानें शाळेंत मिळविलेली, आणि तीहि जपून वापरी. त्याचें क्षेत्रकार्य शहरांतील एका रुग्णालयांत होतें. तो फार थोडें लिही. आमचे अहवाल तोंपर्यंत वर्गांत नमुना म्हणून वाचले जाऊं लागले होते, व त्या कौतुकाची धुंदी आम्हांस चढली होती. आम्हीं लाल शाई घेतली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, वाक्यें खोडलीं, समासांत शेरे मारिले, आणि शेवटीं आमच्या जुन्या अहवालांची एक चळत त्याच्या हातीं देऊन म्हटलें, "असें लिहीत जा." तो "हो दादा" म्हणाला.

पुढच्या महिन्यांत त्याचे अहवाल सुधारले. ते पानेंच्या पानें भरूं लागले, त्यांतील मराठी निर्दोष होऊं लागली, आणि वाक्यें आमचीं होतीं. आम्हांस आनंद झाला. भाऊंनीं गाडींत जें विचारलें होतें तेंच आतां आम्हांस कोणीं विचारावयास पाहिजे होतें. परंतु भाऊ पदवी घेऊन गेले होते, आणि गुरूचें वाक्य पाठ असूनहि तें स्वतःस लावून पाहावें हें आम्हांस सुचलें नाहीं. दिवाळीच्या सुटींत तो मुलगा गांवीं गेला तो परत आला नाहीं. "घरची अडचण असेल," असें आम्ही सर्वांस सांगत होतों, व स्वतःसहि तेंच सांगत होतों.

जानेवारींत कांहीं कामानिमित्त त्या रुग्णालयांत गेलों असतां तेथील एका परिचारिकेनें विचारलें, "तो तुमचा मेळघाटचा मुलगा कुठें गेला हो? तो नाहीं तर आमचें फार अडतें." तिनें सांगितलें तें असें: घाटाच्या रस्त्यानें चार-पांच तास हेंदकळत, आजारी मूल पोटाशीं धरून कोरकू बाया तेथें येत. डॉक्टर काय म्हणतात तें त्यांस कळत नसे, आणि त्या काय म्हणतात तें डॉक्टरांस. पुष्कळ बाया भिऊन मूल उचलून रात्रींतून निघून जात. हा मुलगा त्यांच्या खाटेपाशीं बसे; औषध कशाचें, सुई कशाची, कितीं दिवस राहावें लागेल, हें त्यांच्या भाषेंत सांगे, आणि त्यांचें इकडे सांगे. तो असला म्हणजे बाया थांबत.

यांतील एक अक्षरहि त्याच्या अहवालांत आम्हीं वाचलें नव्हतें, असें आम्हांस वाटलें. घरीं येऊन त्याचे आमच्याकडे राहिलेले कागद काढले. पहिलाच अहवाल अवघ्या साडेचार ओळींचा होता. तिसरी ओळ अशी: 'बाया माझ्याशी कोरकूत बोलल्या. मी बसलो.' तिच्याखालीं लाल शाईची रेघ होती आणि समासांत आमच्या वळणदार अक्षरांत शेरा होता: 'यांत कार्य काय झालें?'

एका अंगणांत अर्धा तास बसण्याची किंमत ज्यास दुसऱ्यानें शिकविली, त्यानेंच ती ओळ खोडावी, याहून मोठी कृतघ्नता आम्हांस ठाऊक नाहीं. आम्हीं त्यास पत्र लिहिलें. दोन महिन्यांनीं उत्तर आलें. त्यांत राग नव्हता. वडिलांच्या शेतीस माणूस पाहिजे होता, हें खरेंच होतें. परंतु शेवटीं त्यानें लिहिलें होतें कीं, 'तुमच्यासारखं लिहिता येईना, म्हणून हे काम आपलं नाही असं वाटलं.'

नवी योजना सुरू करणाऱ्यांपुढें आम्ही नियमांची यादी ठेवीत नाहीं. एवढेंच सुचवितों कीं, वडील विद्यार्थ्यानें धाकट्याचा अहवाल हातीं घेण्यापूर्वीं त्यास विचारावें, "आज तेथें काय ऐकलेंस?" आणि तो सांगत असतांना हातांत लेखणी धरूं नये. लेखणी धरणारे शिक्षक नेमलेले आहेत. आपणहि ती धरली, म्हणजे त्या मुलाच्या वांट्यास दोन परीक्षक येतात आणि सोबती एकहि उरत नाहीं. त्याची भाषा निराळी असेल, तर तींत त्याला काय करतां येतें हें प्रथम पाहावें. आपल्या भाषेंत त्याला काय येत नाहीं, हें मागाहून पाहिलें तरी चालतें.

त्या मुलीस आतां उत्तर द्यावयास हरकत नाहीं. आमच्याकडे धारणीचा एक मुलगा होता. काम त्याला येत होतें. साडेचार ओळींचा तो कागद आमच्या कपाटांत आहे. पुन्हां अमरावतीस बोलावणें आलें, तर भाषणाऐवजीं तोच वाचून दाखवूं, समासांतील शेऱ्यासह.