पेटीतला मासा आणि पाटीवरचा आकडा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर. समुद्र पाहायचा तर घाट उतरून वेंगुर्ल्याला किंवा गोव्याला जावे लागते. आम्हां शिक्षकांपैकी काहींनी खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते शालेय सहलीत, मुंबईला १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. म्हणून प्रयोगशाळेत ६० लिटरची छोटी पेटी ठेवली, तेव्हा मुलांइतकाच आम्हांलाही आनंद झाला. साधे मीठ चालत नाही. समुद्री क्षारांचे तयार मिश्रण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण दोन किलोंहून थोडे अधिक घातले. पेटीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश, दगडाआड राहणारा एक गोबी आणि शंखातला एक खेकडा होता.

एका सोमवारी प्रयोगशाळा उघडली तर वास येत होता. पाणी पांढुरके झाले होते आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. गोबी दिसेना. दगड हलवल्यावर मागे तो मेलेला सापडला.

मेलेला मासा कुजला की अमोनिया तयार होतो. दगडांवरचे जिवाणू थोडा अमोनिया पचवतात, पण छोट्या पेटीत तो त्यांना आवरत नाही. शिवाय समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. तपासणीच्या नळीत पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले. आम्ही जाळीने मासा काढला, हवेचा पंप वाढवला, खाणे बंद ठेवले आणि तेवढ्याच खारटपणाचे व तेवढ्याच उबेचे १५ लिटर पाणी बदलले. काढलेले पाणी झाडांना न घालता मोरीत ओतले. मासा नदीत किंवा विहिरीत न टाकता मैदानाच्या कडेला खोल पुरला. तरीही मंगळवारी एक क्लाउनफिश गेला.

त्याच दिवशी नववीतला एक विद्यार्थी आमच्याकडे आला. शनिवारी खाणे घालण्याची पाळी त्याची होती. गोबी खायला आला नाही, हे त्याच्या लक्षात आले होते.

"मग सांगितले का नाहीस?" आम्ही विचारले.

"सर, तुम्ही रागावाल म्हणून."

आम्ही गप्प झालो. मागच्या वर्षी एक काचनळी फुटली, तेव्हा कोणी फोडली ते कळेना म्हणून आम्हीच सगळा वर्ग बाहेर उभा केला होता. मुलाने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला होता. गोबी कशाने मेला ते कळले नाही. पण शनिवारीच तो बाहेर काढला असता, तर क्लाउनफिश कदाचित वाचला असता. ही चूक त्या मुलापेक्षा आमची अधिक.

आता पेटीशेजारी एक पाटी टांगली आहे. खाणे घालणारा रोज त्यावर तारीख आणि जिवंत जिवांचा आकडा लिहितो. आकडा कमी झाला तर लगेच सांगायचे, आणि सांगायला येणाऱ्याला रागवायचे नाही, हा नियम आम्ही स्वतःसाठी केला आहे. पालकांनीही घरी असे करून पाहावे. मुलांनी आपल्यापासून लपवलेल्या गोष्टी काही पेटीतच असतात असे नाही.

सध्या पाटीवर आकडा २ आहे: एक क्लाउनफिश, एक खेकडा. अक्षर त्याच मुलाचे आहे. पाळी त्याने स्वतः मागून घेतली.