शर्यतीची सायकल आणि प्रवासाचा रस्ता : जालना जिल्ह्यातील चार दिवस

शर्यतीची रोड बाइक एकाच कामासाठी घडवलेली असते : गुळगुळीत डांबरावर पायांची ताकद वाया न जाता वेगात उतरावी. जागतिक सायकलिंग संघटनेच्या शर्यतींत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. बाजारातल्या बहुतेक रोड बाइक ७ ते १० किलोच्या असतात. सामान लादून हिंडण्यासाठी बनवलेली टूरिंग सायकल १३ ते १६ किलोपर्यंत जाते. हे जादा वजन जाड टायर, जास्त स्पोक, लांब फ्रेम, कॅरिअर आणि मडगार्ड यांचे असते, आणि प्रवासात गरज पडते ती याच गोष्टींची. रोड बाइकवर प्रवास जमेल की नाही, हे रस्ता, ओझे आणि दुरुस्तीची सोय यांवर ठरते. जालना जिल्ह्यात चार दिवसांत या तिन्ही बाबतींत तिची परीक्षा होते. त्यासाठी हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा.

दिवस पहिला : जालना – राजूर – भोकरदन

जालना हे लोखंडी सळयांचे शहर. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलची अवजड वाहने दिवसभर ये-जा करतात, म्हणून शहराबाहेर पडण्यासाठी पहाटेची वेळ बरी. गणपतीचे राजूर सुमारे २५ कि.मी.वर आहे. अंगारकी चतुर्थीला हा रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी भरून जातो. तो दिवस टाळावा.

या टप्प्यात टायरचा प्रश्न पहिल्यांदा पुढे येतो. रोड बाइकचे टायर बहुधा २५ किंवा २८ मि.मी. रुंद असतात. २५ मि.मी.च्या टायरमध्ये ८० ते ९० पीएसआय हवा ठेवावी लागते. हवा कमी पडली, तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. हवा पुरेशी असली, तर उखडलेल्या खडीचा प्रत्येक दणका मनगटात आणि पाठीत उतरतो. ३२ मि.मी.च्या टायरला ५० ते ६० पीएसआय पुरते आणि तोच रस्ता पुष्कळ मऊ वाटतो. मात्र जुन्या रिम-ब्रेकच्या रोड बाइकमध्ये २८ मि.मी.पेक्षा रुंद टायर सहसा बसत नाही. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत बहुधा ३० ते ३२ मि.मी.ची जागा असते. सायकल प्रवासाला न्यायची, तर पहिला बदल टायरचा करावा : फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद.

काट्यांसाठीही हा बदल हवा. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे पडलेले असतात. शर्यतीचा पातळ टायर त्यांना अडवू शकत नाही. आत संरक्षक पट्टी असलेला टायर थोडा जड असतो, पण बराच टिकतो.

मुक्कामाचे भोकरदन म्हणजे केळणा नदीकाठचे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत या नगराचे नाव आहे. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पॉम्पेईच्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही दूरदूरचा व्यापार या गावापर्यंत पोहोचत होता.

दिवस दुसरा : भोकरदन – असई – जाफराबाद – देऊळगाव राजा – जालना

भोकरदनच्या पूर्वेला, जाफराबादच्या अलीकडे, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या भागात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. ही रणभूमी पाहायची, तर पक्का रस्ता सोडून गावरस्त्याला लागावे लागते, आणि रोड बाइकची खरी अडचण येथे कळते.

ही जमीन काळी, भारी. कोरडी असताना भेगाळते आणि पाऊस पडला की चाकाला चिकटते. रोड बाइकच्या फ्रेममध्ये टायरभोवती जेमतेम काही मिलिमीटरची फट असते. तीत चिखल भरला की चाक फिरायचेच थांबते. रिम-ब्रेक असेल तर तो आणखी लवकर कोंबला जातो. टूरिंग सायकलमध्ये मडगार्ड लावूनही फट उरते.

चाकांचेही तसेच. रोड बाइकच्या चाकांना बहुधा २० ते २४ स्पोक असतात, टूरिंगच्या चाकांना ३२ किंवा ३६. स्पोक कमी असले की प्रत्येकावर ताण जास्त येतो, आणि एक तुटला तरी रिम वाकडी होऊन ब्रेकला किंवा फ्रेमला घासू लागते. ३६ स्पोकच्या चाकात एखादा तुटला, तरी पुढचे गाव गाठता येते. त्यामुळे रोड बाइक असेल तर शेतरस्ता पायी चालावा आणि पावसाळ्यात हा फाटा सोडून द्यावा. देऊळगाव राजामार्गे जालन्याला परतताना पक्के डांबर लागते आणि सायकल पुन्हा तिच्या जागी येते.

दिवस तिसरा : जालना – अंबड

जालन्याच्या दक्षिणेला सुमारे २५ कि.मी.वर अंबड. माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे. अंतर थोडे असल्यामुळे हा दिवस ओझ्याचा विचार करायला योग्य.

बहुतेक रोड बाइकना कॅरिअर बसवायची भोकेच नसतात. कार्बनच्या फ्रेमवर किंवा सीटच्या कार्बन दांड्यावर पट्टी आवळून कॅरिअर लावणे धोक्याचे आहे, कारण एका जागी पडलेल्या दाबाने कार्बन आतून तडकू शकतो. कॅरिअर बसला तरी अडचण सरत नाही. रोड बाइकमध्ये पायडलचा आस आणि मागच्या चाकाचा आस यांत साधारण ४१ सें.मी. अंतर असते, टूरिंगमध्ये ४४ ते ४६. या आखूडपणामुळे टाच बाजूच्या पिशवीवर आपटते, आणि पिशवी मागे सरकवली तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डोलते. म्हणून सामान सीटमागच्या लांब पिशवीत, फ्रेमच्या त्रिकोणात आणि हँडलच्या पिशवीत विभागावे, आणि सगळे मिळून ५-६ किलोच्या आत ठेवावे. एवढ्यात कपड्यांचा एक जोड, पावसाचे जाकीट आणि हत्यारे मावतात. तंबू आणि स्टोव्ह मावत नाहीत. म्हणजे मुक्काम लॉजवर किंवा धर्मशाळेत करणे आले.

गिअरही ओझ्याशी बांधलेले आहेत. पुढे ३६ आणि मागे २८ दातांचे चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.७ मीटर जाते. पुढे ३४, मागे ३४ असेल तर २.१ मीटर. टूरिंग सायकलच्या २६ आणि ३४ दातांच्या जोडीत ती १.६ मीटरच जाते, म्हणून भरल्या पिशव्यांनिशीही चढ बसून चढता येतो. अंबडच्या वाटेवरचे सौम्य चढ रिकाम्या रोड बाइकला जड नाहीत. मात्र याच सायकलवर सह्याद्रीचा घाट चढायचा बेत असेल, तर मागे ३४ दातांची कॅसेट बसवून घ्यावी.

दिवस चौथा : अंबड – घनसावंगी – जांब समर्थ – परतूर

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म १६०८ चा. गोदाकाठच्या या भागात ऊस आहे आणि गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अरुंद रस्त्यावर त्यांना वाट द्यायला साइडपट्टीवर उतरावे लागते. पातळ टायर तेथे घसरतो, म्हणून आधीच वेग कमी करावा.

आज प्रश्न दुरुस्तीचा. गावातल्या सायकल दुकानात साध्या सायकलचे टायर, ट्यूब आणि स्पोक मिळतात. रोड बाइकची ७०० सी रिम २८ इंची साध्या सायकलच्या रिमपेक्षा व्यासाने १३ मि.मी. लहान असते, त्यामुळे तेथला टायर तिला बसत नाही. व्हॉल्व्हही बारीक, प्रेस्टा जातीचा. दुकानातल्या पंपाला तो जुळवायला पितळेचे छोटे अडॅप्टर जवळ हवे. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, साखळीचा जोडदुवा आणि मापाचे दोन-तीन स्पोक सोबत असले की बहुतेक खोळंबे टळतात. फ्रेम पोलादी असेल, तर तुटलेला सांधा गावातला वेल्डर तात्पुरता जोडून देऊ शकतो. अॅल्युमिनियम आणि कार्बनच्या बाबतीत ही आशा नाही. परतूर रेल्वेमार्गावर आहे, म्हणून सायकल मोडली तरी लगेजमध्ये नोंदवून परतीचा मार्ग उरतो.

चार दिवसांचा हिशेब

रोड बाइक लांब पल्ल्याला कच्ची नाही. २०० कि.मी.ची ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची असते आणि अनेक जण ती याच सायकलवर करतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० कि.मी.च्या या शर्यतीत सामान आणि सुटे भाग सोबतच्या गाडीत असतात. एकट्या प्रवाशाला ती गाडी नसते.

जालना जिल्ह्यापुरते उत्तर असे : कोरडा हंगाम, डांबरी रस्ता, २८ मि.मी. किंवा त्याहून रुंद टायर, ५-६ किलो सामान आणि छपराखालचा मुक्काम असेल, तर घरात असलेली रोड बाइक खुशाल न्यावी. शेतरस्ते, पावसाळा, तंबू आणि आठवड्यांचा प्रवास मनात असेल, तर टूरिंग सायकल घ्यावी. नवी सायकल एकच घ्यायची असेल, तर ३२ मि.मी. टायरची जागा, कॅरिअरची भोके आणि मागे ३४ दातांचे चक्र असलेली निवडावी. ती दोन्ही कामे करते.