उशिरा येणारा आवाज

आहेराच्या पाकिटात घालायला एक रुपयाची कोरी नोट मिळाली, की मी ती आधी उलटून पाहतो. मागच्या बाजूला समुद्रात 'सागर सम्राट' उभा असतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर त्याने १९७४ च्या फेब्रुवारीत तेल शोधले आणि 'बॉम्बे हाय' हे नाव घरोघर झाले. पण एवढ्या अफाट दर्यात भोक पाडायचे कुठे, हे त्याला सांगितले कोणी? आवाजाने!

जहाजावरून पाण्यात दणका द्यायचा आणि तळाखालच्या थराथरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे, अशी ही विद्या आहे. गंमत अशी, की प्रतिध्वनी वेळ सांगतो, अंतर सांगत नाही. पाण्यातून आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो; आमच्या अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसारख्या काळ्या पाषाणातून पाचाच्या आसपास. म्हणजे दोन सेकंदांनी परतलेला आवाज दीड किलोमीटर खोलीवरचा असेल, नाहीतर पाच! वेगाचा अंदाज चुकला, की सपाट थराचा उंचवटा दिसतो आणि कोट्यवधींची विहीर कोरडी जाते.

म्हणून ही माणसे एकाच जागेचा प्रतिध्वनी जवळच्या, दूरच्या अशा अनेक कानांनी ऐकतात. एक वेग गृहीत धरून चित्र काढतात. सगळ्या कानांनी थर एकाच खोलीवर दाखवला तर ठीक; नाहीतर वेग सुधारायचा आणि चित्र पुन्हा काढायचे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की त्याचे उत्तर इतक्या उशिरा येई, की पोरे हसत. वर्षअखेरीस त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा पडायची वेळ आली. मी आठ दिवस मागून घेतले. फळ्यावर नुसते आकडे मांडले. उत्तर चटकन आले. मैदानावर गोट्यांचा हिशेब विचारला, तोही बिनचूक. उशीर व्हायचा तो शब्दांतल्या प्रश्नांना. घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. घरात सगळे तेलुगू बोलत होते. माझा प्रश्न त्याच्या मनात आधी तेलुगूत उतरे आणि उत्तर मग मराठीत चढे. पोर मंद नव्हते, वाट लांबची होती.

शेऱ्याचा रकाना कोरा राहिला. पुढल्या वर्षी मी त्याला पहिल्या बाकावर बसवले, आणि प्रश्न विचारून झाला की मनातल्या मनात दहा अंक मोजू लागलो.