शिरगणती

माणसे मोजण्याची एक खोड मला जडली आहे. लग्नाच्या पंगतीत बसलो की भाताची मूद पानात पडायच्या आत माझी समोरची रांग मोजून झालेली असते. एस.टी.त चढलो की तिकिटाआधी उतारू मोजतो. घरच्या मंडळींना याची आता सवय झाली आहे. "झाली का शिरगणती?" असे विचारून ती मोकळी होतात. पण ही खोड काही जन्मजात नाही. दर वर्षी मे महिन्यात लोकांची मुले घेऊन मी डोंगरात जातो, तेव्हापासून ती माझ्या मागे लागली आहे.

आमचे शिबिर साधेसुधेच असते. नऊ ते चौदा वर्षांची सव्वीस मुले, मी आणि कॉलेजात शिकणारे तीन मदतनीस. मुक्काम राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात. पहाटे चांदण्या विझायच्या आत निघायचे, उन्हे तापण्यापूर्वी गड गाठायचा आणि दिवस कलण्याआधी खाली उतरायचे. सूचना मोजक्याच असतात : पाणी घोटघोट प्यायचे, दगडाखाली हात घालायचा नाही, कारण तिथे फुरसे असते, आग्या मोहोळ दिसले की आवाज बंद. आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची सूचना : चुकलात तर शोधत फिरायचे नाही. जिथे असाल तिथेच सावली बघून बसायचे. आम्ही येतो.

गडावर चढताना चोरदरवाजाची वाट मला फार आवडते. शेवटचा चढ अंगावर येणारा. कातळातल्या पायऱ्या, हाताला लोखंडी कठडा, आणि वर तटात लपलेला तो चिमुकला दरवाजा. एका वेळी एकानेच, तेही वाकून, आत शिरावे अशी त्याची रचना आहे. ज्याने तो बांधला त्याने शत्रूची अडचण मनात धरली असणार. माझी मात्र त्याने मोठी सोय करून ठेवली आहे. आत पद्मावती माचीवर उभे राहावे आणि एकेक घामेजलेले डोके बाहेर येईल तसे मोजून घ्यावे. इतकी बिनचूक मोजणी साऱ्या गडावर दुसरीकडे होत नाही. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात राजगडही आहे. तटबंदी, माच्या, बालेकिल्ला यांची तेव्हा पुष्कळ वाखाणणी झाली. चोरदरवाजाच्या या उपयोगाकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही!

मुले मोजणे म्हणजे मेंढरे मोजण्यासारखेच, असे कोणाला वाटेल. तसे ते नाही. निघण्याच्या दिवशी आया मुलांना सोडायला येतात. कोणी डब्यात जास्तीचे दोन लाडू घालते, कोणी मुलाच्या कॉलरीची घडी उगीचच पुन्हा सारखी करते. माझ्याकडे पाहून फारसे कोणी काही बोलत नाही. एकीने मात्र एकदा म्हटले होते, "दादा, हा फार बोलत नाही हो. हाक मारली तर ओ देईल, पण आपण होऊन सांगायचा नाही." तो नऊ वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो मला सव्वीसांतला एक राहिला नाही. तो एकच झाला.

आणि नेमका तोच एके दुपारी मोजणीत कमी पडला.

सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसून आम्ही परतलो होतो. डोंगराच्या त्या आरपार भोकात वारा असा घुसतो की भर उन्हात अंगावर काटा यावा. पद्मावतीच्या देवळाशी येऊन मी मोजले. पंचवीस. पुन्हा मोजले. पंचवीसच. आकडा तोच असतो, पण छातीतले ठोके तेच राहत नाहीत. मुलांना देवळाच्या ओसरीवर बसवले, एका मदतनिसाला त्यांच्यापाशी ठेवले, दुसऱ्याला चोरदरवाजाकडे आणि तिसऱ्याला तळ्याकडे पिटाळले. मी सुवेळेची वाट धरली. वाटेत ताक विकणाऱ्या आजी भेटल्या. "मास्तर, पळू नगा," त्या म्हणाल्या, "प्वार कुटं जातंय? गड काय गिळत न्हाई कुनाला." त्यांचे बोलणे कानांत शिरत होते, मनात शिरत नव्हते.

त्या वाटेवर मला एकाएकी संभाजीराजे आठवले. १६६६ साली आग्र्याहून निसटताना महाराजांनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला मथुरेत विश्वासाच्या माणसांकडे ठेवले आणि स्वतः याच राजगडावर परतले. इतिहासाच्या पुस्तकात ही हकिकत चार ओळींत आटोपते. पण त्या चार ओळींतला एक बाप मुक्कामामागून मुक्काम टाकीत एक कमी, एक कमी असे मोजत आला असेल, हे मला तोवर कधी सुचलेच नव्हते. आणि मथुरेचे ते घर! परक्याचे लेकरू जिवापाड जपून ज्यांनी पुढे सुखरूप घरी पोहोचवले, त्यांच्या झोपेचे काय झाले असेल?

करवंदीच्या जाळीच्या सावलीत तो बसलेला दिसला. गुडघ्यावर टोपी होती. वाऱ्याने ती उडवली, ती आणायला तो जाळीमागे वळला, आणि तेवढ्यात आमची रांग पुढे गेली, एवढेच झाले होते.

"घाबरलास?" मी विचारले.

"थोडा. पण तुम्ही सांगितलं होतं ना, चुकलं की बसायचं. म्हणून बसलो. आणि मोजत होतो."

"काय मोजत होतास?"

"तुम्हाला यायला किती लागतात ते. अकराशे चाळीस झाले."

मी काही बोललो नाही. त्याचा हात हातात घेतला आणि चालू लागलो. तिकडे मी माणसे मोजत होतो, इकडे हा पोर माझ्या शब्दाची मुदत मोजत होता.

घरी परतल्यावर त्याच्या आईला मी घडले तसे सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तो बसून राहिला? उठला नाही?" तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि थोडा अभिमानही होता. पुढच्या मे महिन्यात तिने त्याला पुन्हा पाठवले, बरोबर त्याच्या धाकट्या बहिणीलाही.

डोंगरावर मुलांना काय मिळते, असे पालक मला विचारतात. करवंदे मिळतात, फुटलेले गुडघे मिळतात, रात्री स्वाती आणि चित्रा ओळखता येऊ लागतात. पण आपल्याला कोणीतरी मोजते आहे, एक कमी पडलो तर कोणीतरी मागे वळून येणार आहे, हा भरवसा त्याहून मोठा. तो ज्याला लहानपणी मिळाला, तो पुढे दुसऱ्याला मोजायला शिकतो.

गेल्या खेपेला चोरदरवाजातून मी सर्वांत शेवटी वाकून वर आलो, तर तो मुलगा, आता चांगला उंच झालेला, माझ्याच जागेवर उभा राहून बोट नाचवत मोजत होता.

"सव्वीस," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला, "आणि काका सत्तावीस. चला, सगळे आले!"