कुठल्या पेठेचे?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी कशीबशी जागा मिळवून बसतो न बसतो, तोच शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "पावणं, कुठल्या पेठंचं तुमी?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर मजजवळ नव्हते. मी लोहाऱ्याचा. कोल्हापुरात शिकणाऱ्या भाच्याने पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम हा सामना पाहण्यासाठी मला ओढून आणले होते. फुटबॉलविषयी माझे ज्ञान इतके अगाध की, ऑफसाइड म्हणजे काय हे दोनदा ऐकूनही मी कोराच राहिलो होतो.

आदल्या रात्री त्याच भाच्याने मोबाईलवर एका जुन्या सामन्याची चित्रफीत दाखविली होती. जपानच्या व्यावसायिक लीगचा तो पहिलाच सामना: १५ मे १९९३, टोकियोचे राष्ट्रीय क्रीडांगण, सुमारे साठ हजार प्रेक्षक, व्हर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस. मारिनोसने तो २-१ असा जिंकला. मला खेळापेक्षा त्यामागचा एक दंडक अधिक आवडला. तोवर जपानातील मोठे संघ कंपन्यांचे असत. मारिनोस निसान मोटार कंपनीचा, व्हर्दी योमिउरी या वृत्तपत्रसमूहाचा. नव्या लीगने ठरविले की, क्लबाने कंपनीऐवजी गावाचे नाव लावावे आणि त्या गावाचे होऊन राहावे. पुढे २००१ साली व्हर्दीने कावासाकी सोडून टोकियोत बिऱ्हाड केले. मागे राहिलेल्या कावासाकीकरांना काय वाटले असेल, याचा विचार करीत मी उशिरापर्यंत जागा होतो. हलणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

त्याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक नुकते कोठे निजले होते, तोच किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूरसारखी गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. माझे आजोळ सास्तूरजवळचे. तेथे मारुतीपुढे तिन्हीसांजेला हुतुतू चाले. वरची आळी विरुद्ध खालची आळी. पुनर्वसनात नवे गाव दूर वसले. घरे जमिनीच्या मानाने वाटली गेली, रस्ते रुंद झाले आणि दोन्ही आळ्या एकमेकींत अशा विखुरल्या की, कोणी कोणाविरुद्ध उभे राहावे हेच उमगेना. भूकंप सोसतील अशा भिंती मिळाल्या याबद्दल मी कृतघ्न नाही. परंतु ज्याच्याशी हक्काने भांडावे तो शेजारी कोठल्या कोठे जाऊन पडला होता.

कोल्हापुरात शेजारी अजून जागच्या जागी आहेत. येथे क्लबाचे नावच तालीम. मूळचे हे कुस्तीचे आखाडे. त्याच मंडळांनी गणपती बसवावा, त्यांनीच फुटबॉलचा संघ उतरवावा. हल्ली त्यांत परदेशी खेळाडूही दिसतात, आणि त्यात वावगे काय? जपाननेही पहिल्याच वर्षी ब्राझीलचा झिको आणि इंग्लंडचा लिनेकर आणविलेच होते. पण खेळाडू कोठलाही असो, ओरडणारा गळा पेठेचाच. ही ईर्ष्या कधी कधी हातघाईवर येते आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते, हे खरे; त्याचे कौतुक मी करणार नाही. तरी जपानला जे नियम करून रुजवावे लागले, ते येथे तांबड्या मातीत आपसूक उगवले आहे, हे त्या पायऱ्यांवर बसून मला प्रथम कळले. एक गोल थोडक्यात हुकला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे असे पाहिले की, जणू तो मीच हुकविला!

मध्यंतरात त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. मी म्हणालो, "आमची आळी होती, आजोबा. भूकंपात गेली."

ते काही बोलले नाहीत. शेंगदाण्यांची पुडी त्यांनी माझ्यापुढे केली, पलीकडच्या दोघांना सरकायला सांगून मला आपल्या घोळक्यात ओढले आणि म्हणाले, "मग आज आमच्यातलं व्हा. पर गप बसायचं न्हाई."

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा मी दिलबहारच्या नावाने घसा फोडून ओरडत होतो, आणि माझा भाचा, जो पक्का पाटाकडीलचा, दोन पायऱ्या खालून मान वळवून माझ्याकडे पाहतच राहिला होता.